हिंसेचा साक्षीदार: ‘गॉड ऑफ वॉर’मधील दृष्टिबिंदू

दीर्घ मालिकेचा सूत्रधार बदलला की नायक तोच राहूनही त्याच्याकडे पाहण्याची जागा बदलते. ‘गॉड ऑफ वॉर’ ही व्हिडिओ गेमची मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. डेव्हिड जॅफी यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या कृतीत (२००५) कॅमेरा दुरून, पूर्वनियोजित जागांवरून पाहतो. ग्रीक देवतांवर सूड घेणाऱ्या क्रेटॉसची हिंसा तेथे प्रेक्षणीय ठरते. कोरी बार्लोग यांच्या २०१८ मधील कृतीत नॉर्स पुराणकथांचा प्रदेश येतो. कॅमेरा एकाही छेदाविना क्रेटॉसच्या खांद्यामागून चालतो आणि सोबत अट्रेयस हा त्याचा मुलगा असतो. हिंसेला आता साक्षीदार लाभतो. म्हणून ती उत्तरदायी होते.

हे जुन्या क्रौर्याचे शुद्धीकरण तर नव्हे, असा आक्षेप संभवतो. परंतु आजारी मुलाला वाचविण्यासाठी क्रेटॉसला घराच्या जमिनीखाली दडविलेली जुनी पातीच बाहेर काढावी लागतात. बार्लोग यांनीच मालिकेचा दुसरा भाग (२००७) दिग्दर्शित केला होता, हे येथे लक्षणीय ठरते. ही नवता पूर्वसंहितेला नाकारत नाही. तिच्याकडे जाब मागते, आणि त्या जाबातून स्वतःलाही वगळत नाही.