युद्ध कोणाचे, जमीन कोणाची?

अमेरिकेतील यादवी युद्धावरच्या आणि पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतवाल्यांवरच्या कादंबऱ्या आपल्या सुशिक्षित वर्गाने प्रेमाने वाचल्या आहेत. त्यांत कष्ट आहेत, उपासमार आहे, जिद्द आहे. मग दुःखाशी बांधिलकी सांगणाऱ्या दलित समीक्षकाने त्यांच्याकडे संशयाने का पाहावे, असे कोणी विचारील. माझा आक्षेप दुःखाला नाही. कोणाचे कष्ट ‘जिद्द’ म्हणून नोंदले जातात आणि कोणाचे कष्ट नुसती पार्श्वभूमी होऊन राहतात, हा हिशेब मला मांडायचा आहे.

मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ 1936 साली आली. 1937 चे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले आणि 1939 च्या चित्रपटाने ती घरोघर पोचली. 1864 मध्ये शेर्मनची फौज जॉर्जिया जाळत पुढे गेल्यानंतरचा त्यातला प्रसंग सर्वांच्या लक्षात असतो. भुकेलेली स्कार्लेट शेजारच्या उद्ध्वस्त मळ्यावर अन्न शोधत जाते. तिला मुळ्यांची एक छोटीशी ओळ सापडते, ती मुळा खाते, तो तिला पचत नाही, आणि पुन्हा कधी उपाशी राहणार नाही अशी ती शपथ घेते. या शपथेवर पिढ्यानपिढ्या वाचक भारावले. पण ती मुळ्यांची ओळ कादंबरीत कुठे आहे? गुलामांच्या खोपटामागे! मालकाच्या शेतात दिवसभर राबून उरलेल्या वेळात स्वतःच्या पोटासाठी कोणीतरी तो मुळा लावला होता. त्या माणसाची भूक कादंबरीला ठाऊक नाही. मुळा गुलामाचा आणि प्रतिज्ञा मालकिणीची, अशी ही वाटणी आहे.

याच कादंबरीतली मॅमी पहा. घर तिच्या खांद्यावर उभे आहे, पण तिला नाव नाही. ‘मॅमी’ हे काम झाले, नाव नव्हे. बिग सॅम आणि त्याचे सोबती दक्षिणेच्या फौजेसाठी खंदक खणायला निघतात तेही आनंदाने गात. स्वतःला गुलाम ठेवू पाहणाऱ्या फौजेचा खंदक माणूस गात गात खणतो, असे ज्या लेखिकेला सहज लिहिता येते तिच्या सहानुभूतीची सीमा मला कळते. उत्तरेकडून सुमारे 1,80,000 काळे सैनिक या युद्धात लढले. मिचेलबाईंच्या कादंबरीत ते दिसतात तेव्हा गोऱ्यांच्या भीतीचा विषय म्हणून दिसतात. चित्रपटात मॅमी साकारणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएल यांना 1940 साली ऑस्कर मिळाले, तेव्हा त्यांना समारंभात वेगळ्या टेबलावर बसवले होते. पंगतभेद म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ (1935) चे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे, कारण ते मुलांचे पुस्तक आहे आणि खरोखर सुंदर आहे. लाकडाचे घर उभे राहते, विहीर खणली जाते, हिवतापाने सगळे कुटुंब पडते तेव्हा एक काळा डॉक्टर येऊन त्यांना वाचवतो. पण हे घर कॅन्ससमध्ये ओसेज लोकांच्या राखीव भूमीवर बेकायदा बांधलेले होते. पहिल्या आवृत्तीत त्या प्रदेशाचे वर्णन असे होते की तिथे माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत होते. एका वाचकाच्या तक्रारीनंतर 1953 च्या आवृत्तीत ‘माणसे’ या जागी ‘वसाहतवाले’ हा शब्द आला. शब्द बदलला, कथेची मांडणी तीच राहिली. आपल्याकडे ‘सारा गाव जमला’ असे लिहिताना महारवाडा त्या गावात धरला जात नाही, तसेच हे आहे. ज्याची जमीन घ्यायची त्याला आधी माणसांच्या मोजणीतून वगळायचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

या दोन कथांना, युद्धाच्या आणि वसाहतीच्या, जोडणारी एक तारीख आहे: 1 जानेवारी 1863. त्याच दिवशी लिंकन यांनी गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला आणि त्याच दिवसापासून 160 एकर जमीन देणारा होमस्टेड कायदा अमलात आला. पुढे या कायद्याने सुमारे 27 कोटी एकर जमीन वाटली गेली. मुक्त झालेल्या काळ्या माणसाच्या वाट्याला काय आले? जानेवारी 1865 मध्ये शेर्मनने किनारपट्टीवर कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांच्या हाती परत दिली. स्वातंत्र्य मिळाले, पण पाय ठेवायला जमीन नाही. 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण करणारे जोतीराव शेतकऱ्याचा आसूडही लिहितात, हे मला अपघाती वाटत नाही.

म्हणून मार्गारेट वॉकर यांची ‘ज्युबिली’ (1966) मला या साऱ्या साहित्यात महत्त्वाची वाटते. तिच्यात युद्धही आहे आणि नव्या भूमीवर घर मांडणेही आहे, पण दोन्ही स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिलेले. नायिका व्हायरी ही मालकाचीच गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी. मळ्यावरची स्वयंपाकीण विकली जाते आणि चूल व्हायरीच्या हाती येते. ती पळून जाण्याचा प्रयत्न करते, पकडली जाते, फटके खाते. युद्धानंतर इनिस ब्राऊनबरोबर अलाबामात जाते. पहिले घर नदीकाठच्या सखल जमिनीवर, ते पुराने जाते. मग बटईची शेती, तिथे मालकाच्या हिशेबाची लबाडी. मग पुन्हा घर, ते क्लॅनवाले जाळतात. शेवटी ग्रीनव्हिल गावात एका गोऱ्या बाईचे बाळंतपण ती करते, तेव्हा गोरे शेजारी तिला घर उभारायला मदत करतात. सुईणीचे हात चालतात, शेजार चालत नाही. शेजार हवा असेल तर आधी हात कामाला आले पाहिजेत. हे वाचताना कोणत्या दलित वाचकाला आपली आजी आठवणार नाही?

शेवटाशी मात्र माझे भांडण आहे. व्हायरी पाठीवरचे वळ उघडे करून दाखवते आणि तरी आपल्या मनात द्वेष नाही म्हणते. तिचा पहिला नवरा रँडल वेअर, स्वतंत्र लोहार, राजकारणात पडलेला, त्याला ही क्षमा मान्य नाही. मलाही नाही. वॉकरबाईंचा कल व्हायरीकडे आहे, पण वेअरचा संताप त्यांनी दाबून टाकला नाही, त्याला बोलू दिले. एवढे प्रामाणिकपण आपल्या ऐतिहासिक कादंबरीकारांत मी शोधतो आणि सापडत नाही.

कारण ‘स्वामी’ (1962) असो की ‘छावा’ (1979), मराठी ऐतिहासिक कादंबरीचा मुक्काम वाड्यात आणि छावणीतल्या मुख्य तंबूत. गडाच्या घेऱ्यात राखणीला असलेले महार, रामोशी, बेरड तिथे मुजऱ्यापुरते येतात. यावर आपण टीका पुष्कळ केली. पण आपण काय लिहिले? आत्मकथने लिहिली, आणि ती मोलाची आहेत. मात्र आत्मकथन फार तर आजोबांपर्यंत जाते. वॉकर यांनी आजीकडून ऐकलेली पणजीची गोष्ट घेतली, तीसेक वर्षे दप्तरे, पत्रे, जुनी पुस्तके चाळली, तेव्हा कुठे ‘ज्युबिली’ झाली. आजीची गोष्ट पुरत नाही, आणि दप्तर एकटे खोटे बोलते.

आपल्याकडे साधनांचा दुष्काळ नाही. कोरेगावच्या स्तंभावर नावे आहेत. 1917 साली उभी राहून 1921 मध्ये मोडलेली 111 महार पलटण आहे. दापोलीची पेन्शनरांची वस्ती आहे. आणि जमिनीचे म्हणाल तर 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत, मराठवाड्यातली गायराने आहेत. अमेरिकेत दुसऱ्याची जमीन नांगरणाऱ्याला त्यांच्या कादंबऱ्यांनी आद्य वसाहतकार म्हटले. इथे पडीक गायरानातले दगड वेचून ज्वारी पेरणाऱ्या बाईला सातबारा नाही, तलाठ्याच्या कागदात ती अतिक्रमणदार आहे. तिच्यावर गुन्हा दाखल होतो, तिचे उभे पीक गावातले लोक जनावरे घालून चारतात, आणि पुढच्या मृगाला ती पुन्हा पेरते. तिच्या तीन पिढ्यांची कादंबरी मी अजून वाचलेली नाही.