रंगाचे नाम आणि रंगाचे नियमन

चित्रकलेच्या अध्यापनात रंगाचा विचार बहुधा रंगचक्रापासून सुरू होतो. तांबडा, पिवळा व निळा हे मूळ रंग. त्यांच्या मिश्रणाने सिद्ध होणारे नारिंगी, हिरवा व जांभळा हे दुय्यम रंग. हे ज्ञान उपयुक्त असले तरी अपुरे होय. कारण त्यातून रंगाच्या केवळ एका अंगाचा, म्हणजे वर्णाचा, बोध होतो. अमेरिकन चित्रकार व कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली वर्ण, उजळपणा आणि तेज ही तीन अंगे स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धती मांडली. यांपैकी एक अंग पालटताना उरलेली दोन स्थिर राखता येणे, यालाच रंगाचे नियमन म्हणावयास हवे.

मराठी भाषेत या भेदांची जाण नाही असे नव्हे. ‘पिवळसर’, ‘तांबूस’ यांतील प्रत्यय वर्णाचा अंश सुचवितात. ‘पिवळाधमक’, ‘लालभडक’ यांतील उत्तरपदे तेज वाढवितात. ‘काळाकुट्ट’ हा शब्द उजळपणाचा पूर्ण अभाव दाखवितो. तथापि ‘गडद’ व ‘फिका’ हे नित्याचे शब्द संदिग्ध आहेत. ‘गडद’ म्हणजे काळसर की दाट? ‘फिका’ म्हणजे पांढऱ्याने उजळलेला की करड्याने मंदावलेला? ‘हिरवा गडद कर’ अशी सूचना मिळताच विद्यार्थी त्यात काळा मिसळतो आणि वाढवावयाचे तेजच गमावून बसतो.

बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या निसर्गचित्रणात ही अडचण विशेष जाणवेल. नीरा डाव्या कालव्याखालील उसाचे मळे आणि कालव्यावरील जिराईत माळ येथे शेजारी नांदतात. ऊस ‘हिरवा’ व माळ ‘पिवळा’ एवढ्याच भांडवलावर काढलेले चित्र दोन रंगीत पट्ट्यांसारखे दिसते. वस्तुतः उन्हातील पाते पिवळसर, आकाशाचा प्रकाश परतविणारे पाते निळसर, तर फडातील सावली काळी नसून मंद हिरवट असते. शिवाय तोच हिरवा तांबूस मातीशेजारी अधिक तेजस्वी भासतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ मध्ये या परस्परपरिणामाचे विवेचन केले. पॅरिसच्या गोबलॅं येथील विणकामशाळेत काळे सूत निस्तेज दिसते अशी तक्रार होती; दोष रंगविण्यात नसून शेजारच्या रंगांत आहे, असे त्याला आढळले. म्हणून उसाचा हिरवा साधत नसेल, तर पुष्कळदा मातीचा रंग पालटावा लागतो.

भिगवणजवळ उजनी जलाशयावर उतरणारा रोहित पक्षीही हेच शिकवितो. ‘गुलाबी’ हे नाव ऐकून तो सर्वांगी गुलाबी रंगविला जातो. प्रत्यक्षात त्याचे अंग बहुतांशी पांढरे, किंचित गुलाबी झाक असलेले. पंख उघडल्यावर मात्र तांबडी पिसे व काळी किनार दिसते. त्या काळ्याच्या सान्निध्यानेच तांबडा उठून येतो.

‘डाळिंबी’, ‘आमसुली’ यांसारखी नावे एकाच शब्दात तिन्ही अंगे सुचवितात. प्रारंभिक अभ्यासाला ती रंगचक्राहून अधिक जवळची ठरतील. परंतु नाव वस्तूचा ओळखीचा रंग सांगते, त्या क्षणीच्या प्रकाशातील नव्हे. यास्तव अध्यापकाने व समीक्षकानेही ‘गडद-फिका’ या जोडीऐवजी ‘उजळ-काळसर’ आणि ‘तेजस्वी-मंद’ अशा दोन जोड्या कटाक्षाने वेगळ्या वापराव्यात. सूचना नेमकी असेल तरच विद्यार्थ्याला आपली चूक कोठे झाली हे कागदावर तपासता येईल.