इंग्रजी विभाग बंद करा, म्हणजे नेमकं काय?

एम.ए. इंग्रजीच्या परीक्षेत मी अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’वर उत्तर लिहिलं होतं. खंडोबा म्हणजे एक लोकदेव, भंडारा म्हणजे हळदीची पूड, असं गाइडमधलं. आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे, घरात लग्न झालं की जागरण होतं. तरी मी हे सगळं यातलं काहीच माहीत नसलेल्या कुणाला तरी समजावून सांगत होते. तो ‘कुणीतरी’ कोण, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही.

तो पडला नैरोबीतलं एक टिपण वाचल्यावर. तारीख २४ ऑक्टोबर १९६८. केनिया स्वतंत्र होऊन जेमतेम पाच वर्षं होत होती. तिथल्या विद्यापीठात इंग्रजी विभागाच्या प्रमुखांनी काही बदल सुचवले होते. न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या तिघांनी त्यावर उत्तर दिलं: हा विभागच बंद करा.

शीर्षक वाचून वाटतं, शेक्सपिअरला हाकलायला निघालेत. तसं नाही. त्यांचा मुद्दा साधा आहे. इंग्रजी साहित्य मधोमध आणि बाकीचं जग त्याला जोडलेलं, ही मांडणीच त्यांना नको आहे. आफ्रिका मध्यभागी ठेवा, मौखिक परंपरेपासून सुरुवात करा, आणि तिथून इतरांकडे पाहा. एखादा आफ्रिकी लेखक अभ्यासक्रमात घातल्यानं हे होत नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

वाद गाजला, बदलही झाला. साहित्य आणि भाषा असे दोन विभाग झाले. दोन्हींच्या केंद्रस्थानी आफ्रिका असेल असं ठरलं. मात्र १९६९मध्ये विद्यापीठीय स्वातंत्र्यावरच्या घाल्याच्या निषेधार्थ न्गुगींनी राजीनामा दिला. काही वर्षांनी ते परतले.

मला या टिपणात एक मोठी फट दिसते. ते स्वाहिली शिकवा म्हणतं, पण लिहायचं कोणत्या भाषेत, हा प्रश्न ऐरणीवर घेत नाही. ते स्वतःही इंग्रजीतच आहे. केंद्र हललं, भाषा जागेवरच राहिली.

ही फट किती महत्त्वाची होती ते १९७७मध्ये कळलं. त्या वर्षी न्गुगींची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही सत्ताधाऱ्यांवर कोरडे ओढणारी इंग्रजी कादंबरी आली. सरकारनं ती चालू दिली. त्याच वर्षी कामिरीथू गावातल्या शेतकरी-कामगारांनी त्यांचं गिकुयू भाषेतलं नाटक केलं. ते बंद पाडलं गेलं आणि वर्षाअखेर न्गुगी तुरुंगात गेले. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. टिपणातला अर्धवट राहिलेला प्रश्न त्यांनी असा नऊ वर्षांनी सोडवला.

आपल्याकडे अभ्यासक्रम ‘भारतीय’ करायचा म्हणजे बहुतेकदा एक ऐच्छिक पेपर वाढवायचा. ‘जेजुरी’ मला तशीच भेटली. नेमलेलं पुस्तक आमच्या देवाचं होतं, पण उत्तर परक्यासाठी लिहायचं होतं.

आज ते उत्तर पुन्हा लिहायचं झालं तर भंडाऱ्याचा अर्थ सांगण्यात मी एक ओळही घालवणार नाही. कवितेत एसटीनं जेजुरीला आलेला, देवावर फारसा विश्वास नसलेला एक पाहुणा आहे. त्याला जेजुरी कशी दिसते, यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली. गडाच्या पायरीवर बसलेल्या वाघ्याला तो पाहुणा कसा दिसत असेल, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. मी तिथून सुरुवात करीन.