दृष्टांत, वक्ता आणि धर्मनिष्ठा : अँथनी डिमेलो यांच्या ग्रंथांवरील निर्णयाचे परीक्षण

एखादा कॅथलिक वक्ता ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी एकनिष्ठ आहे की नाही, हे ठरविण्याचा प्रश्न वरकरणी केवळ ख्रिस्ती धर्मशास्त्राचा आहे. परंतु वक्ता जेव्हा सिद्धांत न मांडता गोष्टी सांगतो, आणि त्याच्या बोलण्यातील बराचसा भाग इतरांनी टिपून छापलेला असतो, तेव्हा तो प्रश्न निम्म्याहून अधिक वाङ्मयसमीक्षेचा व पाठचिकित्सेचा होतो. फादर अँथनी डिमेलो यांचे प्रकरण या दृष्टीने विचारार्ह आहे. १९३१ साली मुंबईत जन्मलेले आणि १९४७ साली येशूसंघात दाखल झालेले हे धर्मगुरू, पुण्यात सुरू होऊन पुढे लोणावळ्यास स्थिरावलेल्या साधना संस्थेचे संस्थापक व प्रार्थनेचे आचार्य म्हणून जगभर ओळखले गेले. जून १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने कार्डिनल रात्सिंगर यांच्या सहीची, २४ जून १९९८ या दिनांकाची एक अधिसूचना काढून त्यांच्या लेखनातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत व गंभीर हानी करू शकणारी आहेत, असा निर्णय दिला.

या अधिसूचनेवर बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती काळजीपूर्वक वाचलेली दिसते. डिमेलो यांचे चाहते तिला संकुचितपणाचा नमुना ठरवितात. विरोधक तिच्या आधारे त्यांना सरळ पाखंडी म्हणून मोकळे होतात. वास्तविक अधिसूचनेत त्यांना पाखंडी म्हटलेले नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७५१ व्या कलमानुसार पाखंड म्हणजे बाप्तिस्मा घेतल्यानंतर एखाद्या श्रद्धासत्याचा हट्टाने केलेला इन्कार अथवा हट्टाने धरलेला संशय. हट्ट सिद्ध होण्यास प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर देणारा जिवंत पाहिजे. म्हणून निर्णय मतांविषयी आहे, माणसाविषयी नाही. प्रारंभीच्या ग्रंथांत डिमेलो ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत राहिले, हेही तीत मान्य केले आहे. आक्षेप आहे तो पुढील लेखनावर : ईश्वराला निराकार, किंबहुना शून्यरूप मानण्याकडे त्यांचा कल वाढत गेला, आणि येशू हा एकमेव देवपुत्र न राहता अनेक गुरूंपैकी एक गुरू झाला.

येथे येशूसंघाच्याच परंपरेतील एक नियम आठवावा लागतो. संत इग्नाती यांनी 'आध्यात्मिक साधने' या ग्रंथाच्या प्रारंभी असे बजावले आहे की, दुसऱ्याचे विधान दोषी ठरविण्यापेक्षा सावरून घेण्याची तयारी प्रत्येक सज्जन ख्रिस्ती माणसाने ठेवावी. ते सावरता येत नसेल तर बोलणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा. आणि तो चुकीचा अर्थ करीत असेल तर प्रेमाने दुरुस्त करावा. हे लिहिणाऱ्याची स्वतःची धर्मनिष्ठा अल्काला व सालामांका येथे १५२६-२७ मध्ये तपासली गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमामागील अनुभव कळतो. डिमेलो यांच्या बाबतीत या क्रमातील मधली पायरी मृत्यूने काढून घेतली. वक्त्याला विचारता येत नाही म्हणून ग्रंथालाच विचारणे भाग पडते. आणि ग्रंथाला विचारावयाचे तर त्याची जात ओळखावी लागते.

डिमेलो यांचे ग्रंथ म्हणजे बहुतांशी दृष्टांतांचे संग्रह होत. मराठीच्या अभ्यासकाला येथे 'दृष्टांतपाठा'चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्या ग्रंथात सूत्र चक्रधरांचे, दृष्टांतही चक्रधरांचा, आणि दार्ष्टांतिक केसोबासांचे अशी त्रिविध रचना आहे. वरचे सूत्र आणि खालचे दार्ष्टांतिक यांच्या चौकटीत गोष्ट बांधलेली असल्यामुळे तिच्यातून कोणता अर्थ घ्यावयाचा, हे वाचकाच्या मर्जीवर राहत नाही. महानुभावांनी आपले तत्त्वज्ञान शतकानुशतके शाबूत राखले, त्याला या रचनेची मदत झाली असावी. डिमेलो यांच्या गोष्टींना सूत्र नाही, आणि दार्ष्टांतिक क्वचितच आहे. असलेच तर तेही एखादे कोडे घातल्यासारखे. सुट्या दृष्टांताची स्थिती काय होते, हे हत्ती आणि जात्यंध यांच्या प्रसिद्ध कथेवरून दिसते. पाली 'उदाना'त ती भांडखोर मतवाद्यांचे अज्ञान दाखविते; जैन परंपरेत तिच्यावर अनेकांतवादाचे समर्थन उभे राहते; आजकाल सभासंमेलनांत ती 'सर्व धर्म सारखेच' एवढेच सांगते. कथा एकच आहे, शिकवण मात्र दार्ष्टांतिकाची आहे. तेव्हा दार्ष्टांतिक नसलेल्या गोष्टीतून एखादे विधान काढून ते लेखकाच्या नावे मांडणे, आणि मग ते विधान श्रद्धासूत्राशी ताडून पाहणे, ही पद्धती सदोष आहे. अधिसूचनेसोबतच्या स्पष्टीकरणात्मक टिपणात ती काही ठिकाणी अवलंबिली गेली आहे.

परंतु येवढ्यावरून डिमेलो निर्दोष ठरतात असे नव्हे. गोष्टीत पात्र बोलते. प्रस्तावनेत लेखक बोलतो. म्हणून त्यांच्या निष्ठेचा विचार प्रस्तावनांवरून करणे अधिक न्याय्य होय, आणि नेमक्या येथेच प्रकरण अवघड होते. 'द साँग ऑफ द बर्ड' (१९८२) या संग्रहाच्या प्रारंभी ते आपण कॅथलिक धर्मगुरू असल्याचे सांगतात, इतर परंपरांत मोकळेपणाने हिंडून आल्याचे कबूल करतात, आणि ख्रिस्तसभा हेच आपले आध्यात्मिक घर असून तिच्याकडेच आपण परत येतो, असे निःसंदिग्धपणे लिहितात. याहून स्पष्ट निष्ठावचन कोणी मागू नये. तीनच वर्षांनी, 'वन मिनिट विज्डम' (१९८५) मध्ये, आपल्या कथांतील गुरू ही एक व्यक्ती नसून तो हिंदू गुरू, झेन आचार्य, ज्यू रब्बी, सूफी असा सर्व काही आहे, असे सांगताना ते बुद्ध, सॉक्रेटिस, लाओत्से, महंमद यांच्या रांगेत येशूचेही नाव घालतात. ही रांग कोणा पात्राने लावलेली नाही. निकिया (३२५) व खाल्सेदोन (४५१) येथील धर्मपरिषदांचा निर्णय प्रमाण मानणाऱ्याला ती तशीच सोडता येणार नाही. रोमच्या आक्षेपाचे खरे बळ येथे आहे. शेकडो गोष्टींतून वेचलेल्या अवतरणांत नाही.

शून्याविषयीचा आक्षेप त्यामानाने दुबळा वाटतो. ईश्वर काय आहे हे नव्हे, तर काय नाही हेच जाणता येते, ही भूमिका संत थॉमस अक्वायनस यांची आहे. आणि सृष्टी व स्रष्टा यांच्यातील साम्यापेक्षा भेद नेहमीच मोठा असतो, असे चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्येच ठरविले आहे. अर्थात् थॉमस हे नकाराचे विवेचन करून पुढे त्रैक्याकडे व देहधारणेकडे वळतात. डिमेलो यांच्या उत्तरकालीन ग्रंथांत ते वळण सापडत नाही, हे खरे; परंतु न सांगणे आणि नाकारणे यांत अंतर आहे.

उत्तरकालीन हा शब्दही जपून वापरावा. अधिसूचनेचा सगळा युक्तिवाद 'क्रमाक्रमाने दूर जाण्या'वर आधारलेला आहे, आणि सर्व ग्रंथ लेखकाच्या अनुमतीने निघालेले नाहीत, हेही तिनेच सांगून ठेविले आहे. १९९० या एकाच वर्षी त्यांच्या नावावर दोन पुस्तके आली. 'कॉन्टॅक्ट विथ गॉड' मध्ये पश्चात्ताप, याचना, येशूनामाचा जप या साधनाशिबिराच्या जुन्या वाटा आहेत; 'अवेअरनेस' मध्ये भाषणांतून संपादित केलेला, धर्मसंस्थेची थट्टा करणारा, श्रोत्यांना मुद्दाम डिवचणारा डिमेलो आहे. मुखपृष्ठावरील सालावरून यांपैकी कोणते आधीचे व कोणते नंतरचे मानावयाचे? भरसभेत हशा पिकविण्यासाठी उच्चारलेले वाक्य आणि लेखकाने स्वहस्ते मुद्रणास दिलेले वाक्य यांना एकाच तराजूत घालणे कोणत्याही पाठचिकित्सकाला मान्य होणार नाही. लीळाचरित्राच्या अभ्यासकांना तर हे सांगावयासही नको.

अधिसूचनेनंतर या ग्रंथांच्या अनेक आवृत्त्यांत एक सावधगिरीची टीप छापली जाऊ लागली. हे लेखन बहुधर्मीय परिस्थितीत, इतर धर्मांचे अनुयायी, अज्ञेयवादी व नास्तिक यांच्या शोधाला साहाय्य व्हावे म्हणून केले असून, ते कॅथलिकांना धर्मसिद्धांत शिकविण्यासाठी नाही, असा तिचा आशय आहे. केसोबासांनी जे काम दृष्टांतागणिक केले, ते येथे एका परिच्छेदात आणि परक्या हाताने उरकले गेले आहे. गोष्टींच्या बाबतीत ही टीप बऱ्याच अंशी लागू पडते. १९८५ च्या प्रस्तावनेला मात्र ती लागू पडत नाही.