‘धर्मनिरपेक्ष’ की ‘निधर्मी’?

निवडणुका जवळ आल्या की काही शब्दांना फार राबावे लागते. ‘सेक्युलर’ हा त्यांपैकी एक. कोणी तो भूषण म्हणून मिरवतो, तर कोणी शिवीसारखा फेकतो. गेल्या शतकाच्या अखेरीस ‘छद्म धर्मनिरपेक्ष’ हे विशेषणही व्यासपीठांवर रूढ झाले. या शब्दाचा आणि त्याच्या मराठी प्रतिशब्दांचा अर्थ आपण एकदा तपासून पाहावा असे आम्हांस वाटते. कारण मूळ शब्द आपल्या घरचाच आहे.

लॅटिनमधील ‘सेक्युलुम’ म्हणजे युग, हे चालते जग. मठवासी न होता लोकांमध्ये राहून धर्मग्राम सांभाळणाऱ्या धर्मगुरूला ख्रिस्तसभेत शतकानुशतके ‘सेक्युलर’ म्हटले गेले. आज आपण ज्यांना धर्मप्रांतीय धर्मगुरू म्हणतो, तेच हे. रोज मिस्सा अर्पण करणारा मनुष्यही ‘सेक्युलर’ होता! पुढे १८५१ मध्ये इंग्लंडातील जॉर्ज जेकब होलिओक यांनी त्यापासून ‘सेक्युलरिझम’ हे विचारप्रणालीचे नाव घडविले आणि शब्दाला धर्मापासून फारकतीची छटा आली.

मराठीत या शब्दासाठी ‘निधर्मी’ हा प्रतिशब्द सर्रास वापरला जातो. आमचा आक्षेप आहे तो त्यालाच. एखादी व्यक्ती निधर्मी असू शकते, तो तिचा अधिकार आहे. पण ‘निधर्मी राज्य’ म्हटले की श्रद्धावंताला ते आपल्या श्रद्धेच्या मुळावर आलेले भासते. ‘सर्वधर्मसमभाव’ हा गांधीजींना प्रिय असलेला शब्द उदात्त खरा. परंतु समभाव हा मनाचा गुण आहे. राज्याकडून आपण भावाची नव्हे, न्यायाची अपेक्षा करतो.

घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘सेक्युलर’ शब्द घालण्याची सूचना मांडली होती. ती फेटाळली गेली. तो उद्देशिकेत आला १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. त्या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. संविधानाच्या हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत मात्र ‘धर्मनिरपेक्ष’. धर्म म्हणजे कर्तव्य, त्याविषयी राज्य उदासीन कसे राहील, असा ‘पंथ’वाद्यांचा युक्तिवाद असतो. पण मराठी माणूस पंथ म्हणतो तो वारकऱ्यांचा वा महानुभावांचा, आणि आपल्यात कॅथलिक वा प्रोटेस्टंट. एका धर्माच्या शाखांपुरताच तो शब्द आपल्या कानाला वाटतो. म्हणून मराठी पाठाची निवड आम्हांस अधिक योग्य वाटते.

शिवाय ‘निरपेक्ष’ शब्दाला मराठीत तिरस्काराचा वास नाही. निरपेक्ष सेवा, निरपेक्ष प्रेम असे आपण म्हणतोच. धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे नागरिकाला न्याय देताना त्याचा धर्म न विचारणारे राज्य. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मात्र एक कबुली द्यायलाच हवी. आपल्या चर्चवर वा शाळेवर संकट आले की आपल्याला हा शब्द आठवतो. शेजाऱ्याच्या प्रार्थनास्थळाचा प्रश्न येतो तेव्हा आपण गप्प असतो. उमेदवार आपल्या समाजाचा आहे एवढ्यावर मत देताना तो शब्द बाहेरच ठेवतो. मग दुसऱ्यांनी आपल्याला ‘छद्म’ म्हटले तर रागावण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो?

शब्द भ्रष्ट होतो तो केवळ विरोधकांच्या टीकेने नव्हे, तर त्याचा कैवार घेणाऱ्यांच्या सोयीस्कर वापरानेही. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आपल्याला हवा असेल, तर तो आधी शेजाऱ्यासाठी उच्चारायला आपण शिकले पाहिजे.