पडद्यावरचा दिगू कुठे गेला?

उन्हाळी सुट्टीत कुठला सिनेमा पाहायचा, यावरून सुरू झालेल्या गप्पा हल्ली चौथ्या वाक्याला राजकारणावर घसरतात. लोकसभेच्या निवडणुका २००४पासून भर उन्हाळ्यात होत आल्या आहेत. त्यात आयपीएलची भर. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षी मोठे निर्माते एप्रिल-मे मोकळा सोडतात आणि प्रेक्षकही तक्रार करत नाही, कारण त्याची करमणूक घरबसल्या सुरूच असते.

उन्हाळा, करमणूक आणि राजकारण यांची सोयरीक आपल्याकडे जुनी आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपाऱ्या देतात आणि चैत्र-वैशाख गावाची रात्र जागती राहते. गण, गवळण झाली की बतावणीत सोंगाड्या पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्याची बिनपाण्याने करतो. पुढाऱ्यालाही हसावं लागतं, कारण मागे सगळा गाव हसत असतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या राजकारणावर नवी कोटी करायचे, ती याच घराण्यातली. या परंपरेत राजकारणाची करमणूक व्हायची, पण ती करणारा सत्तेच्या बाहेर उभा असायचा. राजा सिंहासनावर आणि सोंगाड्या जमिनीवर, हे अंतर पक्कं होतं.

मराठी राजकीय चित्रपटाचं यशापयश मी याच अंतरावर मोजतो. ‘सामना’ (१९७५) आठवा. साखर कारखान्याच्या जोरावर मुलूख ताब्यात ठेवणारा निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील आणि कुठून तरी येऊन टपकलेला श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो. त्याच्याकडे पक्ष नाही, पद नाही, धड चपलाही नसाव्यात असा त्याचा अवतार. तरी त्याच्या एका प्रश्नाने हिंदुरावाच्या वाड्याचे वासे हलतात. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, दोन्ही त्या प्रश्नाला धरून राहिले.

चार वर्षांनी याच जोडीचा ‘सिंहासन’ आला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा बांधली. आपलं आसन हलवलं जातंय, अशी बातमी मुख्यमंत्र्यांना एका फोनवरून कळते आणि पुढचे दोन तास आपण फोन, गाड्या, बंगले आणि दारामागची कुजबुज पाहत राहतो. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री गोड बोलतो, आणि तो गोड बोलला की समोरच्याचं काही खरं नसतं. (त्याचं नाव जिवाजीराव शिंदे. साधूंनी ते ठेवलं तेव्हा त्यात कुणाला काही दिसण्याचं कारण नव्हतं.) लागूंचा विश्वासराव दाभाडे अर्थमंत्री असूनही कायम उपाशी वाटतो. या सगळ्यांमध्ये खांद्याला झोळी लावून फिरणारा निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस आहे. कालच्या हिंदुरावाला दिगू करणं हीच दिग्दर्शकाची खरी चाल होती. दिगूला सगळं कळतं. आपल्या कळण्याने काहीच बदलत नाही, हेही कळतं. शेवटी वैरी एका पंगतीला बसतात, तेव्हा त्याचं डोकं फिरतं आणि तो हसत सुटतो.

हा चित्रपट मंत्रालयात चित्रित झाला आणि त्याला परवानगी दिली ती तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी. सत्तेवर टीका करणाऱ्या चित्रपटाला सत्तेने आपलं घर उघडून द्यावं, हे आज कुणाला सांगितलं तर तो आधी आजूबाजूला बघेल.

नंतरच्या काळात ‘वजीर’ आणि ‘सरकारनामा’ आले. दोन्ही नेटके, अभिनयाने राखलेले, पण मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोवतीच फिरणारे. ‘झेंडा’ (२०१०) मात्र वेगळा होता. दोन भावांच्या भांडणात पोस्टर चिकटवणाऱ्या पोरांचं काय होतं, हे अवधूत गुप्ते यांनी धाडसाने विचारलं. चित्रपटाला विरोध झाला, वाद झाले. पुढे २०२३मध्ये ‘खुपते तिथे गुप्ते’च्या नव्या पर्वात त्यांच्याच समोरच्या खुर्चीत राज ठाकरे, एकनाथ शिंदे, नारायण राणे येऊन बसले. नेते मनमोकळं बोलले, डोळे पाणावले, टाळ्या पडल्या. कार्यक्रम रंगला, यात शंका नाही. पण ‘झेंडा’तल्या त्या पोस्टरवाल्या पोराला तिथे खुर्ची नव्हती.

‘धुरळा’ (२०२०) हा या यादीतला माझा आवडता अपवाद ठरता ठरता राहिला. सरपंचपदासाठी एकाच घरातली माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहतात. क्षितिज पटवर्धन यांच्या लेखनाला गावच्या राजकारणाची भाषा नेमकी सापडली आहे. ताकद दिवंगत सरपंचाच्या नावात की त्याच्या फोटोवरच्या हारात, ही खेचाखेच अस्सल आहे. पण चित्रपटाला सगळ्यांना शेवटी एका उंबऱ्याच्या आत आणायची घाई होते. राजकारणाचा प्रश्न कौटुंबिक रुसव्याने सुटतो, आणि प्रेक्षक समाधानाने पार्किंगकडे वळतो.

मग येतो ‘धर्मवीर’. प्रवीण तरडे यांचा आनंद दिघे यांच्यावरचा हा चित्रपट १३ मे २०२२ला, ऐन उन्हाळ्यात प्रदर्शित झाला आणि जोरात चालला. प्रसाद ओक यांचं काम मेहनतीचं आहे. दाढी, चाल, बसण्याची ढब, सगळं हुबेहूब. पण हुबेहूब ही अभिनयाची सगळ्यात खालची पायरी आहे. सरनाईकांचा मुख्यमंत्री कुणासारखाच दिसत नव्हता, म्हणून प्रत्येकाला आपापला मुख्यमंत्री त्याच्यात दिसला. ‘धर्मवीर’मध्ये पाहणारी नजर भक्ताची आहे. भक्ताने चरित्र रंगवायला हरकत नाही, पण त्यात मास्तरचा प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही.

‘धर्मवीर’ लागल्यावर महिना-सव्वा महिन्यात, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. ३० जूनला ते मुख्यमंत्री झाले. चित्रपटात ज्याला दिघे यांचा निष्ठावान शिष्य म्हणून पाहिलं, तोच आता बातम्यांत नायक होता, आणि त्याची भाषाही तीच, गुरूच्या विचारांची. चित्रपटाने बंड घडवलं, असं कुणी म्हणू नये. पण बंडाला लागणारी भावना आधीच तिकीटबारीवर तयार होऊन बसली होती. गुवाहाटीहून आमदार शहाजीबापू पाटील यांचा फोन व्हायरल झाला. त्यातलं ‘काय झाडी, काय डोंगार’ महाराष्ट्राने गाण्यात बांधलं, रीलवर नाचवलं, टी-शर्टवर छापलं. ‘सिंहासन’मधल्या फोनने कारस्थान उघडं पडतं, या फोनने ते झाकलं गेलं. सरकार पडत होतं आणि राज्य डोंगारावर हसत होतं. ‘धर्मवीर २’ आला २७ सप्टेंबर २०२४ला. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं.

हा केवळ मराठीचा आजार नाही. ‘पीएम नरेंद्र मोदी’ हा चित्रपट निवडणूक आयोगाने एप्रिल २०१९मध्ये थांबवला, तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी, २४ मेला लागला. ५ मे २०२३ला ‘द केरला स्टोरी’ प्रदर्शित झाला आणि त्याच दिवशी कर्नाटकातल्या प्रचारसभेत पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. पोस्टर आणि जाहीरनामा यांत फरक करायचा तरी कसा?

उलट बाजूचाही एक दाखला आहे. २०१९च्या उन्हाळ्यातला सगळ्यात गाजलेला शो चित्रपटगृहात नव्हताच. शिवाजी पार्कवरच्या पाडव्याच्या सभेपासून राज ठाकरे यांनी मोठा पडदा लावून ‘लाव रे तो व्हिडिओ’ सुरू केलं. संकलन चोख, विराम नेमके, हशा कुठे येणार याचा अंदाज पक्का. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता, तरी मैदानं भरली. निकाल लागला तेव्हा ज्यांच्याविरुद्ध हा खेळ होता, त्या भाजप-शिवसेना युतीने राज्यातल्या ४८पैकी ४१ जागा जिंकल्या. लोक करमणूक आणि मत यांत गल्लत करतात, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. प्रेक्षक तितका भोळा नाही. भोळा ठरला तो सिनेमा.

करमणूक आणि राजकारणाच्या या गुंत्यातलं बरंच काही एका मराठी दिग्दर्शकाने अवघ्या काही मिनिटांत दाखवलं आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ एप्रिल २०१५मध्ये लागला. एका शाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून खटला चालतो. सरकारी वकील बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात. रंगमंचावर मराठी बाप मुलीच्या उत्तर भारतीय प्रियकराचा पाणउतारा करतो, परप्रांतीयांवर भाषण ठोकतो आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणतं. कॅमेरा जागचा हलत नाही, कुणाची थट्टा करत नाही. बाई हसतात, घरचेही हसतात. शाहिराचं गाणं गुन्हा आणि हे मात्र रविवारची करमणूक, एवढं कळायला एक संवादही लागत नाही. चित्रपट संपतो तो कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर. न्यायाधीश सहलीला जातात, आरोपी कोठडीत. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं.

म्हणजे जमत नाही, असं नाही. २०१९च्या पहाटेच्या शपथविधीपासून २०२३च्या जुलैतल्या राष्ट्रवादीच्या फुटीपर्यंत महाराष्ट्रात जे घडलं, त्याच्या पासंगालाही पुरेल असा एकही मराठी चित्रपट अजून आलेला नाही. सेन्सॉर, पैसा, मोर्चाची धास्ती ही कारणं खरी आहेत, पण माझ्या मते पहिली उणीव लेखनाची आहे. ‘सिंहासन’च्या आधी कादंबऱ्या होत्या, आणि त्या लिहिणारा माणूस मुंबईत बातमीदारी करणारा पत्रकार होता. आज मंत्रालयाच्या बीटवर फिरणाऱ्या, आमदारांच्या बसमागे गाडी पळवलेल्या, हॉटेलच्या फाटकाबाहेर रात्र काढलेल्या एखाद्या बातमीदाराने रील थोडे बाजूला ठेवून ती कादंबरी लिहायला घ्यावी. पटकथेचं नंतर बघू.