आईला शिकवलं, म्हणून घर सावरलं?

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता विषय हवा. अशा वेळी आपल्याकडे हमखास सुचणारं एक शीर्षक आहे : 'वर्धा जिल्ह्यातील बचत गटांच्या महिलांना दिलेल्या प्रशिक्षणाचा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीवर झालेला परिणाम'. हसू नका, माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक जवळजवळ हेच होतं. मी एम.एस्सी. सांख्यिकी केलेली, आणि आई देवळी तालुक्यातल्या आमच्या गावात गटाची सचिव. मला वाटलं, आकडे मला येतात, माणसं आईला माहीत आहेत, झालं काम. आरआरसीत बाहेरून आलेल्या एका मॅडमनी एकच विचारलं, "प्रशिक्षण झालं नसतं तर काय झालं असतं, हे तुला कसं कळणार?" मी गप्प. त्या प्रश्नावर मी तेव्हा जे बोलायला हवं होतं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी विषय नीट समजून घ्या. गरीब घरातल्या आईबापांना कोणीतरी नेमानं भेटायचं, पैशाचं, धंद्याचं, मुलांच्या शाळेचं बोलायचं, ठरलं ते झालं का हे पुढच्या भेटीत विचारायचं. इंग्रजी पेपरांत याला कोचिंग म्हणतात. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की नीटचा क्लास आठवतो, म्हणून मी 'घरभेट' म्हणते. हे काम आपल्याला नवीन नाही. राज्यात 2011 पासून 'उमेद' अभियान आहे. एका गावात गट चालवून शिकलेल्या बाया दुसऱ्या गावात जाऊन मुक्काम करतात, गट बांधून देतात, त्यांना 'वर्धिनी' म्हणतात. शिवाय कृषी सखी, पशु सखी, बँक सखी आहेत. दशसूत्रीत साप्ताहिक बैठक आणि बचतीबरोबर आरोग्य आणि शिक्षणही येतं. म्हणजे अभ्यासायला भरपूर आहे. अडचण आहे ती आपण अभ्यास कसा करतो यात.

या विषयावर सगळ्यात जास्त उद्धृत होणारा पेपर 2015 साली 'सायन्स' मध्ये आला. लेखकांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, डीन कार्लन आहेत. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू हे सहा देश, आणि 10,495 सहभागी. सोडत काढून काही कुटुंबांना कार्यक्रम दिला, काहींना नाही. कार्यक्रमात काय काय होतं बघा : शेळ्या-गायींसारखं कमाईचं साधन, सुरुवातीचे काही महिने पोटापुरती मदत, ते साधन सांभाळायचं शिक्षण, बचतीची सोय, आरोग्याची माहिती आणि वारंवार घरभेटी. कार्यक्रम संपला तेव्हा दहाही निर्देशांकांत सुधारणा दिसली. आणखी वर्षभरानं आठांत ती टिकली होती.

काम उत्तम आहे, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो आपण हा पेपर प्रबंधात कसा वापरतो याच्याशी. दुसऱ्या प्रकरणात एक ओळ येते, 'मार्गदर्शनामुळे गरीब कुटुंबांचे जीवनमान उंचावते', आणि कंसात 2015. पेपर असं म्हणत नाही. सहा गोष्टी एकत्र दिल्या आणि फरक पडला, एवढंच तो म्हणतो. भाजी चांगली झाली म्हणून श्रेय मिठाला देता येत नाही. मीठ नसतं तर कशी लागली असती, ते वेगळं करून बघावं लागतं.

आणि ज्या दोन निर्देशांकांत सुधारणा टिकली नाही ते कोणते? शारीरिक आरोग्य आणि स्त्रियांचा निर्णयातला सहभाग. तुमच्या शीर्षकात 'सक्षमीकरण' हा शब्द असेल तर या ओळीवर बोट ठेवून पाच मिनिटं बसा. घरात खाणं वाढलं, वस्तू वाढल्या, पण घरात कोण ठरवतं यातला फरक वर्षभरात पुसट झाला.

वेगळं करून बघायचा प्रयत्न झालाय. घानात काही घरांना फक्त शेळ्या दिल्या, काहींना फक्त बचतीची सोय. पूर्ण पॅकेजसारखा टिकाऊ परिणाम दोन्हींतून दिसला नाही. पण 'फक्त घरभेट' असा गट तिथेही नव्हता. आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो तो क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि सहकाऱ्यांचा 2016 चा उत्तर युगांडातला अभ्यास. युद्धातून बाहेर पडलेल्या अतिगरीब बायांना 150 डॉलर रोख, पाच दिवसांचं धंद्याचं प्रशिक्षण आणि नंतर देखरेखीच्या भेटी. तुलनागटाला वीस महिन्यांनी पैसे आणि प्रशिक्षण दिलं तेव्हा त्यांनी भेटी कमीजास्त करून बघितल्या. भेटींवर कार्यक्रमाचा निम्मा खर्च होत होता. वर्षभरानं दिसलं ते असं : भेटींमुळे धंदे जास्त टिकले, पण घरातला उपभोग वाढला नाही.

धंदा टिकला, ताटात भर पडली नाही. हे यश की अपयश? मला वाटतं, आपल्याकडचे अहवाल याला सरळ यश म्हणतील, कारण 'चालू उद्योगांची संख्या' हा रकाना भरतो. पण भेटायला येणाऱ्या ताईला वाईट वाटू नये म्हणून पापड लाटत राहिलेली बाई त्याच रकान्यात मोजली जाते. मी अशी बाई बघितली आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. अनुदानावर दुधाळ जनावरं देणं हा त्यातला एक भाग. ज्या घरात माणसांचंच भागत नव्हतं तिथे गायी-म्हशींच्या चारा-ढेपेचा खर्च झेपेना, हे पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लिहिलं. आज मागे वळून आपण म्हणू शकतो की साधन दिलं, सोबत दिली नाही, म्हणून फसलं. मला हे पटत नाही. दर आठवड्याला पशु सखी आली असती तरी ढेप स्वस्त झाली नसती. पण ती परत जाऊन "इथे गाय नको, शेळी द्या" असं वर सांगू शकली असती, आणि कोणी ऐकलं असतं, तर फरक पडला असता. घरभेट दोन दिशांनी चालू शकते : वरून घरात सल्ला, आणि घरातून वर निरोप. मी वर सांगितलेल्या पेपरांत पहिलीचं मोजमाप आहे. दुसरीचं मला सापडत नाही. विषय शोधताय ना? हा घ्या एक.

पैशाच्या नुसत्या शिकवणुकीबद्दल थोडक्यात. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर यांनी 2014 साली 201 अभ्यास एकत्र करून पाहिले. आर्थिक शिक्षणातून लोकांच्या आर्थिक वागण्यातल्या फरकाचा जेमतेम 0.1 टक्का भाग समजावता येतो, कमी उत्पन्नाच्या लोकांत परिणाम आणखी क्षीण, आणि काळाबरोबर विरत जातो, असं त्यांना दिसलं. पुढे 2022 मध्ये कायझर, लुसार्डी वगैरेंनी फक्त सोडत पद्धतीचे 76 प्रयोग घेतले, तेव्हा चित्र इतकं निराश नव्हतं. दोन्ही वाचा. फक्त सोयीचा तेवढा उद्धृत करू नका.

आता तुमच्या आराखड्यातला खरा खड्डा. आपण काय करतो? प्रशिक्षणाआधी प्रश्नावली, नंतर प्रश्नावली, मग पेअर्ड टी टेस्ट, पी 0.05 पेक्षा कमी, अभिनंदन. पण 'आधी' कधी आणि 'नंतर' कधी? समजा, आधीची प्रश्नावली जूनमध्ये भरली. बी-बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं सगळं एकदम अंगावर आलेलं असतं, उधारी चढलेली असते. नंतरची भरली डिसेंबरात. सोयाबीन निघून गेलेलं, कापसाची वेचणी सुरू, हातात चार पैसे. प्रशिक्षणात तुम्ही नुसते समोसे वाटले असते तरी टी टेस्ट पास झाली असती.

हे नुसतं खिशापुरतं नाही. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तमिळनाडूतल्या 54 गावांतल्या 464 ऊस शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि नंतर परीक्षा घेतली. तेच शेतकरी पैसे हाती येण्याआधी विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले. अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर असं करून पाहिलं तेव्हा (कार्व्हालो आणि सहकारी, 2016) असा फरक मिळाला नाही, त्यामुळे फार उड्या मारू नका. तरी एवढं लक्षात ठेवा : जूनमध्ये 'नियोजनशून्य' वाटलेला बाप डिसेंबरात तुम्हाला 'जागरूक पालक' वाटेल, आणि तुम्ही श्रेय घेऊन मोकळे व्हाल.

दुसरा खड्डा ताजा आहे. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये बायांच्या खात्यात येऊ लागले. तुमची पहिली प्रश्नावली त्याआधीची आणि दुसरी नंतरची असेल, तर 'महिलेच्या नावावरील बचत' वाढलेली दिसणारच. तुलनागट नसेल तर ही वाढ प्रशिक्षणाची की योजनेची हे कोणताही सॉफ्टवेअर सांगणार नाही. शेजारच्या, अजून प्रशिक्षण न झालेल्या गावांतून त्याच आठवड्यात तेच प्रश्न विचारा. दगदग दुप्पट होते, मान्य. पण त्या मॅडमच्या प्रश्नाला निदान तोंड देता येतं.

तिसरी गोष्ट मी स्वतः चुकले ती. पथदर्शी प्रश्नावलीत मी विचारलं होतं, 'घरात व्यसनावर महिन्याला किती खर्च होतो?' आपला जिल्हा कित्येक दशकांपासून दारूबंदीचा. त्यात नवरा ओट्यावर बसलेला, सासू दारात. बहुतेक सगळ्यांनी शून्य सांगितलं. आई मागून म्हणाली, "तू शिकलेली हायेस ना? असं कोणी सांगते काय?" नंतर मी तो प्रश्न काढला आणि किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीबद्दल विचारायला लागले : किती आहे, किती महिन्यांपासूनची आहे, शेवटचे पैसे कोणी नेऊन दिले. त्यावर बाया मोकळ्या बोलतात.

शेवटचा पेपर सांगते, मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा. 2015 च्या अभ्यासातला भारताचा भाग पश्चिम बंगालमधला. त्या कुटुंबांचा बॅनर्जी, डफ्लो आणि गरिमा शर्मा यांनी दहा वर्षं माग काढला, पेपर 2021 चा. फायदा सात वर्षं वाढत गेला आणि दहाव्या वर्षीही होता. टिकला कशामुळे? एक मोठं कारण म्हणजे ही कुटुंबं जास्त कमाईच्या मजुरीकडे वळू शकली, विशेषतः स्थलांतर करून. कुटुंब सावरलं त्यात घरातलं माणूस घराबाहेर गेल्याचा वाटा होता.

मग 'कुटुंब' कोणाला धरायचं? आपल्या प्रश्नावल्यांत एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब. पुण्याला कंपनीत लागलेला पोरगा त्यात बसत नाही, त्यानं पाठवलेले पैसे मात्र बसतात. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत त्याच्यासाठी रकानाच नव्हता. सरावासाठी सगळ्यात आधी मी आमच्याच घरचा फॉर्म आईकडून भरून घेतला होता. परवा तो कपाटात सापडला. कुटुंबातील सदस्य : दोन. मी वसतिगृहात असल्यामुळे त्यात नाही. माझ्या फेलोशिपमधून घरी जाणारे पैसे 'इतर उत्पन्न' मध्ये आहेत.